सासू नीट काढ

४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं शेवटी. आधी बातमी. मैदान मला मिळालं! तुझं गोल्फचं मैदान! अठराच्या अठरा होल आणि त्यांच्यावरची माती हलवायचा अधिकार तुझ्या या भाचीला! समितीच्या खोलीतून बाहेर पडले ती जिना उतरलेच नाही, कठड्यावरून घसरले. खाली मुख्य माळी उभा होता. तो म्हणाला, "बाई, काम मिळालं की गेलं?"

एप्रिलमध्ये मैदानाला शंभर वर्षं होतायत. बाहेरचे मोठे खेळाडू स्पर्धेला येणार, म्हणून क्लबला मैदान नव्या खेळाला साजेसं करून हवंय. कुठे चढ थोडा बसवायचा, कुठे खोलगट भाग उचलायचा. अध्यक्षांचा मेहुणाही ठेकेदार आहे, त्याला वाटत होतं काम आपल्याच ताटात वाढून ठेवलंय. त्याचा आराखडा बघितला असतास तर हसून हसून पडली असतीस. सगळं मैदान कॅरमबोर्डासारखं सपाट! समितीला तेवढं धाडस झेपलं नाही, म्हणून मी. पण मेहुणेबुवा टपून बसलेत. माझा पाय घसरला की त्यांचा पाय आत.

आता घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. सातव्या होलवर गवताच्या पट्ट्याच्या ऐन मधोमध फतकल मारून बसलेला तो उंचवटा, तुमची सगळ्यांची "सासू". सरळ मारलेला चेंडू वाकडा करते म्हणून हे नाव ना? मला विचारशील तर तिला आता रजा द्यावी. अध्यक्षांनाही तेच हवंय, पण जुने सभासद बोंब मारतील याची त्यांना धास्ती. ते म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंचा शब्द आणा. तीनदा अजिंक्यपद जिंकलेलं माणूस हयात आहे ते एकच. त्या म्हणतील तसं करू."

तर बोल, काय करू? फोन केला असता, पण तुझ्या कानांचं ते तसं. मागे मी फोनवर पाय मोडल्याचं सांगितलं तर तू "छान छान" म्हणालीस.

तुझी
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद नेहमीचेच, वेगळे लिहीत नाही. पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून घरभर दोन चकरा मारल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून वर आल्या. त्यांना तुझं पत्र वाचायला लावलं. त्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्याही खूश झाल्या.

आता हुरळून जाऊ नकोस. तुझी गाठ सासूशी आहे. तिने भल्याभल्या पैलवानांना उजवीकडच्या ओढ्यात घातलंय. म्हणून आधी ऐक. बाकी कशालाही हात लावण्यापूर्वी सासू नीट काढ. वरवर, घाईघाईत काढू नकोस. पायथ्यापासून आंबाड्यापर्यंत (माथ्याला आम्ही आंबाडा म्हणायचो) सगळी काढ. तिचे दोन खांदे, पुढची मांडी, मागे होलभोवतीच्या ग्रीनच्या बाजूला सोडलेला पदर, काही म्हणजे काही राहता कामा नये. दुसऱ्या कुणावर सोपवू नकोस, स्वतः तिथे उभी राहून काढ. काढलीस की लगेच पाठव. मग पुढचं बोलू.

हे पत्र अध्यक्षांना खुशाल वाचून दाखव.

तुझी आत्या


२२ जानेवारी
(पोस्टकार्ड)

आत्या,

काढली! पायथ्यापासून आंबाड्यापर्यंत, पदरासकट! तू सांगितलंस तशी स्वतः उभी राहून. समितीत तुझं पत्र वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई असाव्यात तर अशा." मेहुणेबुवांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. चार दिवस सासूचे संपले! सविस्तर मागाहून लिहिते, आज हात मातीने भरलेत.

भिंगरी


२८ जानेवारी

चि. भिंगरी,

शाब्बास! तुझ्या बापाला जे कधी जमलं नसतं ते तू केलंस. तो कुठलंच काम पायथ्यापासून करत नाही, सगळं मधूनच.

कार्डासोबत येणार नाही हे मलाही कळतं, पण वाट बघून जीव टांगणीला लागलाय. नळीत गुंडाळून पाठव, घडी घालू नकोस. घडीची रेघ उमटते आणि मग तिथे चढ आहे की कागद मोडलाय ते कळत नाही. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून खिळा मोकळा करून ठेवलाय.

एक कुतूहल आहे. डाव्या खांद्यामागची ती दुमड कशी दाखवलीस? तुमच्या मोजणीच्या नकाशात सासू म्हणजे नुसतं एक अंडं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर म्हटलं, आधी तिला नीट काढ. इतके दिवस तिच्यापुढे बसून एकेक बाक टिपलास म्हणजे आता ती तुला उमगली असेल. आता तूच सांग, तिला हलवायची छाती होईल का कुणाची?

अध्यक्षांनाही एक प्रत दे. क्लबच्या भिंतीवर लावू देत.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायचा धीर होत नाही.

मी काय गुंडाळून पाठवू? भिंतीवर काय लावू? तू "काढ" म्हणालीस. मी काढली. बुलडोझरने काढली! आधी वरच्या गवताच्या लाद्या कापल्या, मग ड्रायव्हरदादांनी पातं लावलं आणि मी शेजारी उभी राहून "अजून, अजून, मुळापासून" असं ओरडत होते. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. जेवायच्या सुट्टीत दादांना ते वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या आत्या म्हणजे जबरदस्त बाई दिसतायत."

सातव्या होलवर आता काही नाही. ताट आहे ताट. त्या दिवशी क्लबातल्या दणकट मंडळींनी सुरुवातीच्या चौथऱ्यावरून फटके मारले. चेंडू सरळ गेला, सरळ ग्रीनवर. सगळे ओरडले, नाचले. दुसरा चेंडूही सरळ. तिसराही. मग कुणीतरी घड्याळ बघितलं आणि सगळे चहाला निघून गेले. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण मी ते कार्डावर लिहिलं नाही.

आत्या, मला वाटलं तुझाही तिच्यावर राग आहे. सगळ्यांचाच असतो ना? काहीतरी लिही. शिव्या घाल, पण लिही.

भिंगरी


६ फेब्रुवारी

गाढवे!

चित्र! चित्र काढ म्हटलं होतं मी! कागदावर! पेन्सिलीने! सासूचं चित्र काढून मला पाठव, असं लिहिलं होतं, म्हणजे मनात तरी तसंच लिहिलं होतं! अगं, उंचवटा जमिनीतून काढल्यावर तो पाठव असं कुठली शहाणी बाई सांगेल? पोत्यात भरून? एवढं तरी डोकं चालवायचंस! ध चा मा झाला आणि सासू बिचारी गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा उभ्या उभ्या रडले. लपवत नाही. सगळे तिला सासू म्हणायचे, मला ती मावशी होती. मी बारकी, माझा फटका निम्म्या ताकदीचा. ताकदवान बायका तिच्या आंबाड्यावर चेंडू आपटायच्या आणि तो उडून ओढ्यात जायचा. मी हळूच तिच्या डाव्या खांद्यावर ठेवायचे आणि ती तो चेंडू हाताला धरून ग्रीनवर नेऊन सोडायची. तीन अजिंक्यपदं तिने दिली मला.

आता एकच कळव. माती कुठे आहे?

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

माती आहे! अवजारांच्या खोलीमागे आहे, सगळीच्या सगळी! तिसऱ्या होलच्या खड्ड्यात भरायची ठरली होती, पण ड्रायव्हरदादांनी "उद्या नेऊ, परवा नेऊ" करत ढकललं. कामचुकार माणसाचे पाय धरावेसे वाटले. गवताच्या लाद्याही सावलीत रचलेल्या आहेत, मुख्य माळी त्यांना रोज पाणी घालतोय. मी विचारलं, "का घालता?" तर म्हणाला, "गवत आहे बाई, तहान लागते."

आता वाईट बातमी. पाहुण्या खेळाडूंचं क्लबला पत्र आलं. त्यांनी लिहिलंय, बाकी मैदान कसंही असो, आम्ही येतोय ते तुमचा तो प्रसिद्ध उंचवटा खेळायला! वाचता वाचता अध्यक्षांचा चष्मा नाकावरून घसरला. लगेच म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो." कधी सांगत होते ते त्यांनाच माहीत. जुन्या सभासदांनी तर मला मध्ये उभं करून धुतलं. मी तुझ्या पत्राचं खरं काय ते सांगून टाकलं. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग एक आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ठराव झाला. स्पर्धेपूर्वी सासू होती तशी उभी करायची, आणि "हीच ती" असं आत्याबाईंनी सांगायचं. नाही जमलं तर मी घरी आणि अख्खं मैदान मेहुणेबुवांच्या हवाली. त्यांचा कॅरमबोर्ड तयारच आहे, सभेतही काखेत घेऊन बसले होते.

पण कशी उभी करू? नकाशात अंडं आहे. फोटोत लोक बक्षिसं घेऊन उभे आहेत आणि सासू त्यांच्या पायांमागे. सभासदांना विचारलं तर एक म्हणतो कमरेइतकी होती, दुसरा म्हणतो छातीपर्यंत, आणि दोघेही एकमेकांना खोटारडा म्हणतात. आत्या, माझ्यामुळे ते मैदान सपाट झालं तर मी आयुष्यात पुन्हा जमिनीला हात लावणार नाही.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

रडणं बंद. माती आहे, गवत आहे, म्हणजे सासू आहे. जरा विस्कटली आहे, इतकंच.

ती किती उंच होती ते मलाही सांगता येणार नाही. मी तिच्याकडे बघितलंच कुठे, मी चेंडूकडे बघायचे! पण चेंडू तिच्यावर कुठे पडला की काय करायचा, हे मला झोपेतून उठवून विचार. तर आपण उलटं जाऊ. मी चेंडूच्या चाली लिहिते, तू त्या चाली जमेपर्यंत माती रच. घे लिहून.

मांडीवर पडलेला चेंडू तिथेच बसतो, लाडोबासारखा. पुढे जात नाही, मागे येत नाही. आंबाड्यावर जोरात पडलेला उजवीकडे उडतो आणि ओढ्यात. उजव्या खांद्यावरचा मागे येऊन तुझ्याच पायाशी थांबतो, म्हणजे अब्रू गेलीच. आणि डावा खांदा! तिथे हळू ठेवलेला चेंडू आधी थांबतो. तुला वाटतं मेला. प्रतिस्पर्धी बाई हसायला लागतात. मग तो मान वळवतो, पदरावरून घरंगळतो आणि ग्रीनवर जातो. हसणाऱ्या बाईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असायचं!

एक सोपी परीक्षा. डाव्या खांद्यावर बादलीभर पाणी ओत. पाण्याला दोन वाटा फुटायला हव्यात. बारीक ओहोळ ओढ्याकडे, मोठा पदरावरून ग्रीनकडे. पाऊस थांबला की आम्ही हे रोज बघायचो.

लाग कामाला. आणि या खेपेला मी लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी कुणाला तरी विचार.

तुझी आत्या


२८ फेब्रुवारी

आत्या,

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पण ऐक तर खरं, मजा येतेय!

दादांनी पात्याने माती ढकलून अंडं उभं केलं, मी फावडं घेऊन वर चढले. मांडी पहिल्याच दिवशी जमली, चेंडू तिच्यावर असा बसतो की उठायचं नाव नाही. आंबाडाही जमला, जरा जास्तच जमला. टोपलीभर चेंडू मारले, सगळे ओढ्यात. मुख्य माळी गुडघाभर पाण्यात उभा राहून चाळणीने गोळा करत होता आणि तोंडाने जे म्हणत होता ते मी इथे लिहीत नाही.

उजवा खांदा आधी चेंडू पुढे पाठवायचा. चार वेळा खरवडला, आता मागे पाठवतो. काल अध्यक्ष बघायला आले, त्यांनी हौसेने फटका मारला आणि चेंडू परत येऊन त्यांच्या बुटाला लागला. "अब्रू गेली" असं मी मोठ्याने म्हणाले. तुझंच वाक्य होतं, तोंडातून निसटलं.

पण डावा खांदा काही केल्या ऐकेना. चेंडू थांबतो. थांबतो म्हणजे थांबतोच, ठार मेलेला. मान वळवतच नाही. पाणी ओतलं तर वाटा न फुटता तिथेच तळं होतं. जरा उतार दिला तर चेंडू न थांबता धावत सुटतो. थांबून मग चालायला लागायचं, हे एका चेंडूला एकाच जागी कसं जमायचं, आत्या? नक्की असंच व्हायचं ना? की तुला तसं वाटायचं?

मेहुणेबुवा रोज संध्याकाळी येतात, कुंपणाशी उभे राहून मान हलवतात आणि जातात.

भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरी,

"तुला तसं वाटायचं" म्हणे! तीन ढाली आहेत माझ्या कपाटात, त्या काय मला वाटायच्या म्हणून मिळाल्या?

चूक कळली. तू खांदा फार गुळगुळीत केलास. पात्याची सवय. अगं, त्या खांद्याखाली एक गाठ होती, गवतातून दिसायची नाही, पायाला लागायची. चेंडू तिला टेकतो म्हणून थांबतो. पण गाठ एका बाजूने झिजलेली, म्हणून तिच्यावरून अलगद सुटतो. आता बूट काढ, मोजे काढ आणि हाताने कर. दाताळं आणि तळपाय, तिसरं काही नको. टाच खाली आणि अंगठा वर राहिला की समज, गाठ आली.

तळ्याचं म्हणशील तर गाठीच्या पलीकडे बोटभर वाट ठेव. पाणी शहाणं असतं, एवढी वाट त्याला पुरते.

मेहुणेबुवांना म्हणावं, मान जपून हलवा, अडकली तर आमच्याकडे दुरुस्ती नाही.

तुझी आत्या


१९ मार्च

आत्या! आत्या! आत्या!

चालला! चेंडू चालला! थांबला, मेला, आणि मग मान वळवून चालला! मी ओरडले, दादा ओरडले, माळ्याने चाळणी ओढ्यात फेकली आणि मग ती आणायला पळाला. बादली ओतली तर दोन वाटा, बारीक इकडे, मोठी तिकडे. इतके दिवस चिखलात राबून माझे तळपाय फुटलेत आणि मला त्याचं काही म्हणजे काही नाही. गवताच्या लाद्या बसल्यात, मुळं धरतायत.

आता शेवटचं. समिती म्हणते, आत्याबाईंनी पत्रातून "हो" म्हटलेलं चालणार नाही. (त्यांचं तरी काय चुकलं, तुझ्या पत्रांचा अनुभव आहे त्यांना.) तू स्वतः यायचंस, बायकांच्या जुन्या चौथऱ्यावरून फटका मारायचास आणि सगळ्यांसमोर सांगायचंस. ६ एप्रिलला. ये ना गं. मी स्टेशनवर घ्यायला येते.

तुझी भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरी,

खूप आनंद झाला. पण मी येणार नाही.

आता तू मोठी झालीस, तुला सांगते. कान गेले तेव्हापासून मी काठी हातात घेतलेली नाही. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत आहेत. चेंडू नीट लागला की नाही हे डोळ्यांनी कळायच्या आधी कानाला कळतं. तो एक छोटा, कोरडा टक्. तो ऐकू येईनासा झाला आणि मला वाटलं, आपण रिकाम्या हवेत काठी फिरवतोय. लोकांसमोर तसं उभं राहायचं नाही मला. सासूसमोर तर नाहीच.

समितीला सांग, म्हातारी आजारी आहे. राग मानू नकोस.

आत्या


७ एप्रिल

आत्या,

"येणार नाही" असं ठणकावून लिहितेस आणि काल सगळी समिती जमलेली असताना काठ्यांची पिशवी खांद्याला लावून फाटकात उभी! मला वाटलं मला भास होतोय. आणि रात्रीच्याच गाडीने परतलीस, धड बोलूही दिलं नाहीस. म्हणून लिहिते. तुझ्या पाठीमागे काय काय बोललं गेलं ते तुला ऐकू आलं नसणार, तेव्हा सगळं क्रमाने सांगते.

तू चौथऱ्यावर चढलीस तेव्हा मेहुणेबुवा म्हणाले, "यांना काठी पेलेल का?" तू पहिला फटका मारलास. चेंडू डाव्या खांद्यावर पडला, थांबला, आणि मान उजवीकडे वळवून सरळ ओढ्यात गेला. मागे कुजबुज सुरू झाली. "ही ती नाही." "सांगितलं होतं मी." मेहुणेबुवांनी काखेतला आराखडा हातात घेतला. आणि तू? तुला काही ऐकूच येत नव्हतं! तू बूट काढलेस, मोजे काढलेस आणि अनवाणी चालत सासूवर गेलीस. तिच्या खांद्यावर उभी राहिलीस, टाचा दाबल्यास, पदरावरून खाली गेलीस, परत वर आलीस. एकाला शिंक आली ती त्याने दाबून धरली.

मग तू परत आलीस आणि दुसरा चेंडू ठेवलास. जरा वर, जरा अलीकडे. थांबला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दादा टोपी हवेत उडवत होते आणि चेंडू ग्रीनवर! अध्यक्षांनी पाटीवर "ही सासू आहे का?" असं लिहून तुझ्यासमोर धरलं आणि तू अशी काही "आहे!" म्हणून ओरडलीस की झाडावरचे पक्षी उडाले. तुझ्या आवाजाची तुला कल्पना नाही, आत्या. मेहुणेबुवा दचकले आणि आराखडा त्यांच्या हातातून पडला.

काम माझंच राहिलं. अख्खं मैदान! त्याच संध्याकाळी सही झाली. मी आनंदाने वेडी व्हायला हवी होते, झालेही. पण एक गोष्ट पोटात राहिली आहे, ती विचारल्याशिवाय चैन पडणार नाही. पहिला चेंडू ओढ्यात गेला तेव्हा मी तुझा चेहरा बघत होते. तू चमकलीस. म्हणून खरं सांग, अगदी खरं. ती तीच आहे का? की माझी नोकरी वाचावी म्हणून तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस?

तुझी
भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरी,

मी आणि खोटं? अध्यक्षांनी पाटीवर काय लिहिलं होतं ते आठव. "ही सासू आहे का?" आहेच. अस्सल आहे. मला पहिल्याच भेटीत ओढ्यात घातलं म्हणजे सासू नाही तर कोण? "ही तीच सासू आहे का?" असं त्यांनी लिहिलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. माणूस घाईत होता, एक "तीच" लिहायची राहून गेली. त्यात माझा काय दोष?

तू खरं विचारलंस म्हणून तुला खरं सांगते. नाही, ती तीच नाही. जवळ आहे, खूप जवळ. पदर तर हुबेहूब आहे, त्यावर पाय ठेवला तेव्हा डोळे भरून आले. पण खांदा तुझा आहे. तुझ्या तळपायाचा, माझ्या नाही. ही चेंडूला जरा जास्त वेळ थांबवून ठेवते आणि मग इकडे जायचं की तिकडे, ते तिच्या मनात येईल तसं. चमकले ती त्यामुळेच. तरुणपणापासून त्या खांद्याने मला कधी ओढ्यात घातलं नव्हतं.

जुनी मला पाठ होती गं. इथे खुर्चीत बसून रोज तिला मनातल्या मनात खेळायचे आणि रोज जिंकायचे. रोज जिंकण्यात काय मजा असते ते तूच बघितलंस, लोक चहाला निघून जातात. ही नवी मला कळत नाही. परत येताना गाडीत डोळा लागला नाही. आणखी थोडं डावीकडून मारलं तर? वारा समोरून असला तर? शेजारच्या प्रवाशाने दोनदा खुणेने विचारलं की बाई, कुणाशी बोलताय?

येणार नाही म्हणून लिहिलं खरं, पण सासू पुन्हा उभी राहिली आणि आपण खुर्चीत, हे काही सोसवेना म्हणून आले. आणि टक् ऐकू आला नाही. पण दुसरा चेंडू लागला तो मला कोपरात कळला. आधी मनगटात, मग कोपरात, अगदी स्पष्ट. इतकी वर्षं मी हे करून का पाहिलं नाही, म्हणून स्वतःवरच चिडले आहे.

मला तिच्याशी रोज खेळायचंय. हरले तरी चालेल, ओढ्यात गेले तरी चालेल. खालच्या बाईंना घराची किल्ली देऊन ठेवली आहे. शनिवारच्या गाडीने येते. तुझी बाहेरची खोली रिकामी कर आणि स्टेशनवर दादांनाही घेऊन ये. या खेपेला सामान जास्त आहे.

तुझी आत्या